वर्ग उलटा केला, पण घराचे काय?

परवा दिवेलागणीच्या वेळी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. समोरच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी आठवीतली एक पोर वही घेऊन दारात येऊन उभी राहिली. "बाई, जरा मोबाईल देता काय? व्हिडिओ बघायचाय."

मी म्हटले, "कसला गं व्हिडिओ? सिनेमाचा?"

"न्हाई वो, गणिताचा. बघून न्हाई गेलं तर सर गटात घेत न्हाईत. मागं बसाय लागतंय."

तिला फोन दिला. तिने बारा मिनिटांचा व्हिडिओ एकदा पाहिला, वहीत चार ओळी उतरवल्या आणि फोन पदराला पुसावा तसा ओढणीला पुसून परत दिला. मग हळूच म्हणाली, "उद्याबी येऊ काय?"

मंडळी, त्या 'उद्याबी'ने माझी झोप उडवली. म्हणून आज हे लिहायला बसले आहे. मागच्या लेखात पंचगंगेच्या पुराविषयी लिहिले तेव्हा पुण्याहून भाच्याचा फोन आला होता, "मावशी, जरा हलकंफुलकं लिही की." बाळा, आजही जमणार नाही. पुढच्या वेळी नक्की.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. शाळेचे नाव लिहीत नाही. नावाने काही फरक पडत नाही, असे बऱ्याच ठिकाणी चालू आहे. तिथे एका विषयापुरती 'फ्लिप्ड क्लासरूम' सुरू केली आहे. आपल्या भाषेत उलटा वर्ग. पूर्वी शिक्षक वर्गात शिकवायचे आणि मुले घरी गणिते सोडवायची. आता मुलांनी घरी व्हिडिओवरून शिकून यायचे आणि वर्गात गणिते, चर्चा, गटकार्य करायचे.

आमचे पुण्याचे नातवंडही याच पद्धतीने शिकते आणि त्याला ती फार आवडते. त्याला वेगळी खोली आहे, टेबल आहे, टॅब आहे. कळलेला भाग तो भराभर पळवतो, अडले की मागे नेतो, तरीही नाही कळले तर आईला हाक मारतो. आई इंजिनिअर. सूनबाई हे वाचणार आहेत, त्यांनी रागावू नये. त्या पोराचे चांगलेच चालले आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण त्याचे चांगले चालते ते पद्धतीमुळे किती आणि त्या टेबलामुळे, त्या आईमुळे किती, एवढेच मला विचारायचे आहे.

आधी पद्धतीच्या बाजूने जे आहे ते प्रामाणिकपणे सांगते. ही कल्पना काही मूर्खपणाची नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क या छोट्या गावात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. खेळांच्या सामन्यांसाठी मुले लांब लांब जात आणि त्यांचे तास बुडत. म्हणून २००७ च्या सुमारास या दोघांनी आपले तास चित्रित करून ठेवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आले की व्याख्यान घरी ऐकता येते. मुलाला शिक्षक हवा असतो तो अडल्यावर. २०१२ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि ते जगभर गेले. यातली एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या प्रशिक्षणांत फारशी कोणी सांगत नाही. ज्या मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते, त्यांना या शिक्षकांनी डीव्हीडी करून दिल्या. म्हणजे कोणाच्या घरी काय आहे हे त्यांनी आधी पाहिले.

'अडल्यावर शिक्षक जवळ हवा' हे शंभर टक्के पटते. मी पस्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. खोटे कशाला सांगू, त्यातली पहिली दहा वर्षे मी बोलत होते आणि मुले ऐकत होती. तासभर घसा कोरडा करायचा, घंटा झाली की खडू ठेवायचा. मुलांनी काय घेतले ते सहामाहीच्या पेपरात कळायचे आणि तेव्हा उशीर झालेला असायचा. वर्गातला वेळ मुलांच्या हाताला आणि तोंडाला मिळावा हे सांगायला आपल्याला कोलोरॅडोला जायची गरज नव्हती. आमच्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले ते याच विचाराने.

म्हणजे भांडण वर्गात काय करायचे याच्याशी नाही. वर्गातले जे काम घराच्या गळ्यात घातले आहे, त्याच्याशी आहे.

आणि हे काम मीही घराच्या गळ्यात घातलेले आहे. "उद्याचा धडा वाचून या" असे आम्ही सगळेच सांगायचो. तोही उलटा वर्गच होता, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हते. १९८० च्या आसपासची गोष्ट. माझ्या वर्गात हुपरीकडची एक मुलगी होती. कधीच धडा वाचून यायची नाही. मी तिला उभी करायची. आळशी म्हणायची. वर्गासमोर म्हणायची, हे आज लिहितानाही जड जाते. एकदा हळदीकुंकवाच्या निमित्ताने तिच्या घरी गेले. एका खोलीत पाच माणसे, एक मिणमिणता दिवा, आणि त्या दिव्याखाली आई आणि ही पोर मान मोडून चांदीच्या कड्या जोडत बसलेल्या. हुपरीच्या चांदीचे असे काम घरोघरी चालते हे मला माहीत होते, पण माझ्या वर्गातली मुलगी त्यात आहे हे माहीत नव्हते. दिवा एकच. त्याच्याखाली कड्या जोडायच्या की धडा वाचायचा? कड्यांचे पैसे मिळत.

त्या दिवसापासून मी धडा वर्गातच वाचून घ्यायला लागले. पंधरा मिनिटे जायची. जाऊ देत, म्हटले.

आता समोरच्या पोरीचे घर सांगते. आपल्या उचगावची नव्या वाचकांना कल्पना नसेल. हे आता नावालाच गाव. एका बाजूला कोल्हापूर शहर, शेजारी गांधीनगरची कापडपेठ, पलीकडे हायवे, आणि पुढे शिरोली नि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी. त्यामुळे कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून माणसे येतात, खोल्या घेतात, फौंड्रीत आणि दुकानांत कामाला जातात. या पोरीचे वडील फौंड्रीत दुसऱ्या पाळीला. घरात स्मार्टफोन एक, तो वडिलांच्या खिशात. ते रात्री उशिरा घरी येतात तेव्हा ही झोपलेली असते. रविवारी फोन घरी असतो, पण तेव्हा तो मोठ्या भावाच्या हातात. आई दिवसभर कामाला, तिची भाषा कानडी. पोर शाळेत मराठी शिकली आहे, चांगली बोलते. पण व्हिडिओतल्या बाई पुस्तकी मराठीत, मध्येमध्ये इंग्रजी घालून, घाईघाईने बोलतात. "कळतंय का गं?" असे विचारले तर म्हणते, "थोडं थोडं."

"पण बाई, आता मोबाईल सगळ्यांकडे आहेत," असे मला एका तरुण शिक्षकाने सुनावले. घरात मोबाईल आहे हे खरेच आहे. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत देशातल्या शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्याच पाहणीतला पुढचा आकडा वाचा. फोन असलेल्या घरांतल्याही २६ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. घरात फोन असणे आणि संध्याकाळी सात वाजता आठवीतल्या मुलीच्या हातात तो असणे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. फोन वाढले तरी हे अंतर आपोआप मिटत नाही. २०२४ च्या 'असर'मध्ये १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरता येतो म्हणाली. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. फोन हातात आला म्हणून तो पाटी होत नाही.

खरे तर आपण हा प्रयोग एकदा करून बसलो आहोत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळा देशच उलटा वर्ग झाला, तोही नुसता घरचा अर्धा भाग. फोनवर व्हिडिओ यायचे. मोठ्या वर्गांतली, घरी कोणी शिकलेले असलेली मुले कशीबशी तरली. बाकीच्यांचे काय झाले? देशात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. आधीच कमी होते, त्यातून आणखी घसरले. साथ होती, दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण साथ संपल्यावर, शाळा उघडी असताना, शिक्षक समोर असताना, शिकणे पुन्हा घरी का ढकलायचे?

कोणी म्हणेल, ही सगळी गरिबीची रड झाली. सगळ्यांना फोन द्या, खोली द्या, मग तर पद्धत चांगली ना? मलाही तसे वाटायचे. पण अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत झालेल्या एका प्रयोगाविषयी वाचले आणि विचारात पडले. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेराशेहून अधिक विद्यार्थी. चिठ्ठी टाकावी तसे काही वर्ग नेहमीचे ठेवले आणि काही उलटे केले. तिथे सगळ्यांना राहायला सारखी जागा, सगळ्यांना संगणक, शिस्त तर लष्कराची! कड्या जोडणारी आई नाही की दुसऱ्या पाळीचा बाप नाही. तरी निकाल काय? गणितात थोडा फायदा झाला, तोही टिकला नाही. अर्थशास्त्रात झालाच नाही. आणि जो झाला तो मुख्यतः गोऱ्या मुलांना, मुलींपेक्षा मुलग्यांना आणि आधीपासून हुशार असलेल्यांना. पुढचे आणि मागचे यांच्यातले अंतर वाढले आणि ते पुढेही टिकून राहिले. वेस्ट पॉइंटमध्ये जर असे होत असेल तर उचगावात काय होईल हे सांगायला पाहणीची गरज आहे का?

असे का होत असेल? माझ्या अनुभवावरून सांगते. स्वतःचे स्वतः शिकणे हे एक वेगळे कौशल्य आहे. ज्याला ते आधीच येते तो व्हिडिओवरून शिकतो. ज्याला येत नाही त्याला तेच तर शिकवायचे असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला एकटे सोडतो. "व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहता येतो" हा या पद्धतीचा मोठा गुण सांगतात. हळू शिकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण जे वाक्य पहिल्यांदा कळले नाही ते व्हिडिओ दहाव्यांदाही त्याच शब्दांत सांगतो. शिक्षक दुसऱ्यांदा सांगताना शब्द बदलतो, उदाहरण बदलतो, कारण त्याला समोरचा कोरा चेहरा दिसतो.

एक आठवण सांगते. सातवीला क्रियापदाची रूपे शिकवत होते. मुलगा गेला, मुलगी गेली; 'मी गेलो' मुलगा म्हणतो, 'मी गेले' मुलगी म्हणते. मागच्या बाकावरून एक पोर म्हणाली, "बाई, आमी समद्या पोरी तर 'मी गेलो' म्हंतो. मग आमी चुकतो व्हय?" वर्ग हसला. आपल्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझी आईसुद्धा तसेच बोलायची. मी खडू ठेवला. तो उरलेला तास घरची भाषा आणि पुस्तकातली भाषा यांवर गेला. कोणती चूक, कोणती बरोबर असे नसते. कुठे कोणती वापरायची एवढेच असते, हे त्या तासाला चाळीस मुलांना कळले. त्या दिवशी मी व्हिडिओ दिला असता तर त्या पोरीने तो घरी एकटीने पाहिला असता, आपण, आपली आई, आपली आजी सगळ्या चुकतो असे तिला वाटले असते, आणि ती गप्प बसली असती. प्रश्न विचारायला समोर माणूस लागतो. हसणारा का होईना, वर्ग लागतो.

दुसरी आठवण एका कमी ऐकू येणाऱ्या मुलाची. पहिल्या बाकावर बसायचा आणि माझ्या ओठांकडे पाहायचा. मी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा धडा तुटायचा. हे मला त्याने नाही, त्याच्या शेजारच्या मुलाने सांगितले. त्यानंतर मी आधी लिहायचे, मग वळून बोलायचे अशी सवय लावून घेतली. परवा त्या पोरीबरोबर तो गणिताचा व्हिडिओ मीही पाहिला. त्यात शिकवणाऱ्याचा चेहराच नव्हता! नुसता आवाज आणि सरकणारी अक्षरे. खाली बोललेले लिहूनही येत नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आपण २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. व्हिडिओ निवडताना त्यातले एक तरी कोणाच्या डोळ्यांसमोर होते का?

मी व्हिडिओच्या विरुद्ध नाही. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले ते चांगलेच झाले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते करून दाखवले आणि २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, तेव्हा मी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. पुस्तकातला कोड ही सोय आहे. ज्याला जमेल त्याने पाहावा, ज्याला नाही जमले त्याचे अडत नाही. उलट्या वर्गात हीच सोय अट होते. पाहिलास तर वर्गात ये, नाही तर मागे बस. सोयीची अट झाली की जो आधीच मागे आहे त्याच्या मागेपणाला शाळेची मोहर बसते. पूर्वी ती पोर गणितात कच्ची होती. आता ती 'व्हिडिओ न पाहणारी' आहे, म्हणजे दोष तिचाच झाला. मी त्या हुपरीच्या मुलीला आळशी म्हटले होते, तेच हे. फक्त आता ते पद्धतशीरपणे होते.

आमच्या कोल्हापूरच्या मातीत याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे सगळे सांगतात. पण त्याच्या आधीचे काम पाहा. १९०१ साली त्यांनी मराठा बोर्डिंग काढले, पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम मुलांसाठी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. का? खेड्यातून आलेल्या पोराला नुसती शाळा देऊन भागत नाही. त्याला दिवा लागतो, जेवण लागते, अभ्यासाला चार हात जागा लागते, हे त्यांना कळले होते. महाराजांनी आधी घर दिले, मग अभ्यास मागितला. आपण घर न देताच मागतो आहोत.

आणि वर्ग उलटाच करायचा असेल तर तो तारा��बाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यासारखा करावा. कोसबाडच्या आदिवासी वस्तीत मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरे राखायची असतात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. गुरे जिथे चरतात तिथे कुरणशाळा भरवली. मुलाचे आयुष्य जसे आहे तसे धरून त्यांनी शाळा वाकवली. आजच्या उलट्या वर्गात शाळा ताठ उभी आहे आणि वाकायचे आहे ते मुलाच्या घराने.

नुसती टीका करून थांबणे मला शोभणार नाही, म्हणून चार गोष्टी सुचवते. पहिली, व्हिडिओ दाखवायचा तर तासाच्या सुरुवातीला वर्गातच दाखवा. दहा मिनिटे जातील, पण सगळे एका रेषेवर उभे राहतील. दुसरी, पद्धत सुरू करण्याआधी शिक्षकाने प्रत्येक घरी एकदा जावे. अर्ज भरून घेऊ नये, जावे. तिसरी, शाळेची एक खोली संध्याकाळी दीड-दोन तास उघडी ठेवा, दिवा आणि एक मोठा माणूस असू द्या. गावात माझ्यासारखे निवृत्त खूप आहेत. चौथी, व्हिडिओ पाहिला नाही म्हणून कोणालाही मागे बसवू नका. ज्याने पाहिला नाही त्याला तर शिक्षकाजवळ, पुढे बसवले पाहिजे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, मुलांच्या अभ्यासासाठी. त्याची बातमी देशभर गेली होती. अभ्यासासाठी मोबाईल बंद करणारे एक गाव, आणि अभ्यासासाठी मोबाईल शोधत दारोदार फिरणारी आमच्या गल्लीतली ही पोर. दोन्ही पंचगंगा-कृष्णेच्याच खोऱ्यातली. कोणाचे बरोबर, तुम्हीच सांगा.

त्या शाळेतल्या सरांना मी भेटले. तरुण आहेत, मनापासून शिकवतात, मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "बाई, प्रशिक्षणात सांगितलंय, अहवाल पाठवावा लागतो." मग थोडे थांबून म्हणाले, "ती मुलगी मागे बसते ते मला पण बरं वाटत नाही." मी म्हटले, "मग पुढे बोलवा की. त्याला कुठला अहवाल लागतोय?" ते हसले, पण हो म्हणाले नाहीत.

पोर रोज सातला येते. मी चहा टाकते, तिला फोन देते, आणि व्हिडिओ संपला की आम्ही दोघी मिळून पाटीवर ती गणिते करतो. मला बी.ए.पुरतेही गणित येत नाही, त्यामुळे कधी कधी तीच मला शिकवते. गेल्या आठवड्यात दोन दिवस मी डोळ्याच्या तपासणीसाठी मुलीकडे गेले होते. आल्यावर तिला विचारले, "दोन दिवस काय केलंस गं?"

"मागं बसलो वो बाई," म्हणाली.

असो. तुमच्या घरातल्या, शेजारच्या मुलांचे काय चालले आहे ते जरूर कळवा. आणि शिक्षक असाल तर उद्या वर्गात गेल्यावर एकदा मागच्या बाकाकडे बघा.